घडी घालण्याआधी

“सर, फूटरमध्ये एक टॅग जास्तीचा होता. काढून टाकला मी.”

ती आमच्याकडे शिकायला येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट आम्ही सांभाळत होतो. पानाच्या तळाशी जी पट्टी असते, तीत उन्हाळ्याच्या वेळा घालायच्या, एवढंच काम मी तिला दिलं होतं. तिने फूटरची फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीखाली लाल नागमोडी रेघ. रेघेवर माउस नेला की एडिटर सांगत होता : हा बंद करणारा टॅग आहे, याला उघडणारा टॅग सापडत नाही. तिने फाइल वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. उघडणारा खरंच कुठे नव्हता. तिने ती ओळ खोडली, रेघ नाहीशी झाली आणि तिने फाइल सर्व्हरवर चढवली.

त्याबरोबर साइटची साठ-एक पानं बिघडली. तळाची जी पट्टी पानाच्या रुंदीभर पसरायला हवी, ती आक्रसून मजकुराच्या चौकटीत जाऊन बसली. नव्या पुस्तकांच्या यादीखाली, जणू यादीतलंच पुढचं पुस्तक असावं तसा, वाचनालयाचा पत्ता दिसू लागला.

तिला मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं तिच्याकडून घडलं नव्हतं. जेवढं समोर होतं तेवढं तिने नीट वाचलं, यंत्राने दाखवलेली चूक स्वतः पडताळली आणि मगच हात लावला. आम्ही नवीन मुलांना शिकवतो ते हेच. जे आम्ही शिकवलं नव्हतं, ते म्हणजे तिच्यासमोरची फाइल म्हणजे पान नव्हे.

हे काम न करणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. वेबपान ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, तीत बहुतेक गोष्टी उघडायच्या आणि मिटायच्या असतात. चौकट सुरू झाली तिथे एक टॅग, संपली तिथे दुसरा. आता साठ पानांचा माथा सारखा असेल, तळ सारखा असेल, तर तोच मजकूर साठ वेळा लिहिणारा माणूस वेळ बदलली की साठ ठिकाणी बदलत बसेल आणि त्यातली दोन विसरेल. म्हणून माथा एका फाइलमध्ये ठेवतात, तळ दुसऱ्या फाइलमध्ये. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला एक ओळ असते, ‘हेडर इथे आण’, आणि शेवटी एक, ‘फूटर इथे आण’. या आणण्याला इन्क्लूड म्हणतात. हेडरची फाइल पान उघडते, मजकुराची चौकट उघडते आणि तशीच उघडी ठेवून संपते. मधल्या फाइलमध्ये त्या त्या पानाचा मजकूर. मग फूटर येतो, आणि दुसऱ्याने उघडलेली चौकट मिटणं हे त्याचं पहिलं काम असतं. तिने खोडलेली ओळ ती होती.

सर्व्हर हे तिन्ही तुकडे जोडून एकसलग मजकूर पाठवतो. वाचकाच्या ब्राउझरला तीन फाइली होत्या हे कळतही नाही. एडिटरचं उलट आहे. त्याच्यासमोर एका वेळी एक फाइल असते आणि त्याच्या लेखी तेवढंच जग. हेडर उघडा, तो म्हणतो, या चौकटी मिटलेल्याच नाहीत. फूटर उघडा, तो म्हणतो, या चौकटी उघडल्याच नव्हत्या. मधली फाइल उघडा, तर पानाचा प्रकार सांगणारी पहिली ओळच नाही, शीर्षक नाही, हे पानच नव्हे. तिन्ही ठिकाणी त्याचं म्हणणं त्या फाइलपुरतं बरोबर असतं, आणि तिन्ही जोडून तयार होणाऱ्या पानाबद्दल तिन्ही वेळा चूक.

ही अडचण वेबइतकीच जुनी म्हणायला हवी. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जो वेब सर्व्हर तयार केला, त्यातच पानात दुसरी फाइल ओढून आणण्याची सोय आली. तिची लिहिण्याची रीत मला अजून आवडते. ‘ही फाइल इथे आण’ हा आदेश एचटीएमएलच्या टिपणीच्या रूपात लिहायचा. सर्व्हरला कळलं तर तो आदेश पाळेल, नाही कळलं तर ब्राउझर टिपणी समजून सोडून देईल, वाचकाच्या डोळ्यांपुढे कचरा येणार नाही. हाच आदेश तपासणीच्या यंत्राला मात्र निव्वळ टिपणी दिसतो. म्हणजे जिथून अर्धं पान येणार आहे, नेमकी तीच जागा त्याला रिकामी वाटते. पुढे 1995 मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांसमोर ठेवली, 2003 मध्ये वर्डप्रेस आलं, आणि हेडरची एक फाइल, फूटरची एक फाइल ही मांडणी जगभरच्या लाखो साइटींच्या अंगवळणी पडली. अशा कितीतरी फूटरच्या पहिल्या ओळींत कुठे ना कुठे असा एक जोडीदार नसलेला टॅग उभा आहे.

त्या दुपारी ती ओळ मी परत घातली, पानं ताळ्यावर आली. तिने विचारलं, “पण सर, फाइल चुकीची असताना पान बरोबर कसं?”

मला एकदम बाबांचा छापखाना आठवला.

बाबा आमच्या गावच्या छापखान्यात मुद्रितं तपासत. खिळे जुळवण्याचे ते शेवटचे दिवस. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. शाईचा आणि रॉकेलचा वास, खिळ्यांच्या खणांवर वाकलेले जुळारी, आणि कोपऱ्यात बाबांचं टेबल. एके दिवशी यंत्रावरून नुकताच उतरलेला एक मोठा कागद त्यांच्या टेबलावर पसरलेला होता. एका बाजूला आठ पानं. मी बघितलं आणि मला धस्स झालं. पान 1 च्या शेजारी पान 16. वरच्या बाजूला पान 8 आणि 9, तीही उलटी, डोकं खाली करून. पान 4 ला लागून 13. मी म्हणालो, “बाबा, सगळंच चुकलंय.” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो कागद घेतला, मध्ये एक घडी घातली, आडवी दुसरी घातली, मग तिसरी, प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख दाबून फिरवलं, आणि माझ्या हातात दिला. “आता वाच.” कडा कापलेल्या नव्हत्या, काही पानं फटीतून डोकावूनच बघावी लागली, पण 1 नंतर 2 होतं, 2 नंतर 3, आणि 16 पर्यंत एकही पान उलटं नव्हतं.

तो सोळा पानांचा फर्मा. पुस्तकाच्या कण्यावर येणाऱ्या घडीच्या दोन बाजूंना शेजारी शेजारी असणाऱ्या कोणत्याही दोन पानांची बेरीज करावी तर ती 17 येते, 1 आणि 16, 8 आणि 9, 4 आणि 13. नियम इतका पक्का आहे. पण घडी घालण्याआधी बघणाऱ्याला नियम दिसत नाही, गोंधळ दिसतो.

तिला मी हे सांगितलं, आणि एका कोऱ्या कागदावर आकडे टाकून घडीही घालून दाखवली. ती हसली. तिला ते पटलं. माझ्या ध्यानात मात्र त्या दिवशी निम्मंच आलं होतं. बाबा घडी घातलेला फर्मा का तपासत असत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

नंतर मी जे केलं ते आमच्या धंद्यात सगळे करतात. पुन्हा कोणी फसू नये म्हणून इन्क्लूडच्या फाइलींची तपासणीच बंद करून टाकली. एडिटरमध्ये तशी सोय असते, ‘या फोल्डरकडे बघू नको’ असं सांगता येतं. लाल रेघा गेल्या. स्क्रीन शांत झाली. खरं तर त्याआधीही मी त्या रेघा वाचणं केव्हाच सोडलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये 1995 पासून टाइप करता करता शब्दाखाली लाल रेघ यायला लागली, आणि इंग्रजी पत्राखाली मराठी नाव लिहिणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्याच आडनावाखाली ती बघितली असेल. आपलं नाव आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण पुढे जातो. असं वर्षानुवर्षं पुढे गेलेल्या डोळ्यांना लाल रंग दिसेनासा होतो. खोट्या चुकीचं खरं नुकसान हे आहे. आमच्या त्या मुलीने रेघेवर विश्वास ठेवला आणि साठ पानं अर्धा तास बिघडली. मी रेघा गप्प केल्या आणि जोडलेलं पान तपासायचं राहूनच गेलं, त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी सात महिने मोजली.

ते वाचनालयाचे सभासद होते, निवृत्त शिक्षक. दृष्टी गेल्यापासून ते स्क्रीन रीडर वापरत, पुस्तकांची यादी ऐकत, आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ध्वनिमुद्रित पुस्तकं मागवून घेत. त्यांचा फोन वाचनालयाने माझ्याकडे दिला. आवाजात तक्रार नव्हती. ते म्हणाले, “यादीच्या पानावर दोन रकाने आहेत. पहिल्या रकान्यावर गेलं की यंत्र म्हणतं, पुस्तक शोधा लेखकाचे नाव. दुसऱ्यावर गेलं की नुसतं एडिट म्हणतं. मला कळत नाही कुठे काय लिहायचं. मी आपला दोन्हीकडे लिहून बघतो.”

मी फाइली उघडल्या. हेडरमध्ये शोधाचा रकाना होता, प्रत्येक पानाच्या माथ्यावर दिसणारा. त्याची आयडी, म्हणजे पानात त्याला ओळखण्याचं नाव, होती ‘शोध’. त्याचं लेबल त्या नावाला बांधलेलं. हेडरची फाइल निर्दोष. यादीच्या पानाच्या फाइलमध्ये लेखकाच्या नावाने शोधायचा रकाना होता, त्याचीही आयडी ‘शोध’, त्याचंही लेबल त्याच नावाला बांधलेलं. ती फाइलही निर्दोष. दोन्ही मीच लिहिल्या होत्या, मध्ये वर्षभराचं अंतर ठेवून. सर्व्हरने जोडल्यावर मात्र एका पानात एकाच नावाचे दोन रकाने झाले. ब्राउझर अशा वेळी पहिल्याला धरतो. दोन्ही लेबलं माथ्यावरच्या रकान्याला जाऊन चिकटली आणि खालचा रकाना बिननावाचा राहिला. डोळ्यांनी बघणाऱ्याला काहीच फरक नव्हता, त्याच्यासाठी लेबल रकान्याच्या शेजारी छापलेलंच होतं. कानांनी वाचणाऱ्याला तो रकाना मुका झाला.

एडिटरची तपासणी चालू असती तरी त्याने ही चूक पकडली नसती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ काही न करता बसून राहिलो. जिथे चूक नव्हती तिथे तो वर्षानुवर्षं लाल रेघा मारत होता. जिथे होती त्या ओळींवर दोन्ही फाइली स्वच्छ होत्या. कारण दोन्हीचं एकच, त्याने पान कधी बघितलंच नव्हतं.

बाबा घडी घातलेला फर्मा कशासाठी तपासत, ते मला त्या दिवशी कळलं. गॅलीवर, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या मुद्रितावर, प्रत्येक ओळ त्यांनी आधी वाचलेली असे. उलटा बसलेला खिळा, गळलेली वेलांटी, ऱ्हस्वाचा झालेला दीर्घ, हे सगळं तिथेच निघे. पण पान 6 च्या तळाची ओळ पान 7 च्या माथ्यावर पुन्हा जुळवली गेली असेल, तर ती गॅलीवर पकडायची कशी? सुटी बघितली तर दोन्ही पानं निर्दोष. पसरलेल्या कागदावरही कळणार नाही, तिथे 6 च्या शेजारी 11 असतं आणि 7 च्या शेजारी 10. ती चूक घडी घातल्यावर, पान उलटताना, वाचक वाचेल त्या क्रमानेच दिसते. म्हणून तीन घड्या, म्हणून ते नख फिरवणं. मला वाटलं होतं, ते मला समजवायला घडी घालत होते. ते त्यांचं रोजचं काम होतं.

आणि गंमत नव्हे, दुःख याचं वाटतं, की आमच्या धंद्यातही हे पहिल्यापासून ठाऊक होतं. सी भाषेतले प्रोग्राम तपासणारं लिंट नावाचं एक साधन बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी केलं, त्यावरचा त्यांचा लेख 1978 चा आहे. लोकरीच्या कापडावर चिकटलेला तंतूंचा भुगा झाडावा तसं प्रोग्राममधलं बारीकसारीक वेचायचं, म्हणून ते नाव. कंपायलर एकेक फाइल घेतो, त्याला घाई असते. लिंटला सगळ्या फाइली एकदम द्यायच्या, जोडीला वापरलेल्या लायब्ररींची माहितीही द्यायची, आणि मग ते एका फाइलमधली गोष्ट दुसरीशी जुळते का ते पाहत असे. खोटी चूक दाखवण्याचा धोकाही त्यांना माहीत होता. त्यासाठी प्रोग्राममध्येच नेमक्या जागी विशिष्ट टिपणी लिहायची सोय होती : इथपर्यंत प्रोग्राम कधीच पोहोचणार नाही, किंवा या फंक्शनला दिलेल्या साऱ्या गोष्टी वापरल्या जाणार नाहीत, हे मला ठाऊक आहे, इथे बोलू नकोस. एका जागेपुरतं गप्प करायचं, आणि का ते तिथेच लिहून ठेवायचं. मी अख्खा फोल्डर गप्प केला होता, कारण न लिहिता.

आज नवीन साइट करताना आम्ही हेडर आणि फूटर वेगळे काढत नाही. पानाचा आराखडा एकाच फाइलमध्ये अखंड लिहितो, उघडणारे टॅग आणि मिटणारे टॅग दोन्ही तिच्यात, मध्ये मजकुरासाठी एक जागा मोकळी सोडलेली. प्रत्येक पान ती जागा भरतं. पायथनमधल्या जँगोने 2005 पासून ही रीत दिली आहे, इतरांनीही दिली. 2013 मध्ये आलेल्या रिॲक्टमध्ये तर एका ठिकाणी टॅग उघडून दुसऱ्या ठिकाणी मिटताच येत नाही, लिहू पाहिलं तर प्रोग्राम चालतच नाही. माझ्या मते ही रीत निश्चित चांगली. जो उघडतो त्यानेच मिटावं, म्हणजे वाचणाऱ्या माणसालाही दोन फाइली डोक्यात धरून बसावं लागत नाही. लाल रेघा यात आपोआप कमी होतात. पण दोन रकान्यांना एकच आयडी पडण्याची चूक या रीतीतही तशीच होऊ शकते. आराखड्यात एक ‘शोध’, पानात दुसरा. तुकडे कितीही नीट कापले तरी जोडलेलं पान वेगळंच तपासावं लागतं.

एडिटर बनवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. ‘इथे चूक आहे’ आणि ‘मला फक्त ही फाइल दिसते, तीत याचा जोडीदार नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी एकच लाल रेघ वापरू नका. दुसरं वाक्य तसंच लिहून आलं असतं, तर तीन आठवड्यांच्या शिकाऊ मुलीने ती ओळ खोडली नसती. तिने विचारलं असतं, मग जोडीदार कुठे आहे?

ती आता आमच्याकडे नाही, मोठ्या शहरात चांगल्या कामावर आहे. जाण्याआधी तिने फूटरच्या त्या ओळीच्या वर एक टिपणी लिहून ठेवली, ‘ही चौकट हेडरमध्ये उघडली आहे, काढू नये’. मराठीत. नंतर आलेल्या कोणीही ती ओळ खोडलेली नाही.

तुमची एखादी साइट इन्क्लूडवर चालत असेल, तर माझी एक विनंती. फाइली तपासून थांबू नका. पान ब्राउझरमध्ये उघडा आणि त्याचा मूळ सोर्स बघा. इन्स्पेक्टरमध्ये बघू नका, तिथे ब्राउझरने आपल्या परीने दुरुस्त करून घेतलेलं पान दिसतं, न मिटलेल्या चौकटी त्याने गुपचूप मिटलेल्या असतात. सर्व्हरने जसं पाठवलं तसं, तिन्ही तुकडे जोडलेलं, हवं. ते डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरला, म्हणजे पान तपासणाऱ्या साधनाला, द्या. साइट खुली असेल तर नुसता पत्ता दिला तरी तो ब्राउझरसारखाच पान मागवून घेतो, आणि लॉगिनच्या आतलं पान असेल तर सोर्स कॉपी करून चिकटवता येतो. तिथे जी चूक दिसेल ती वाचकाच्या हातात पोहोचलेली चूक असते, ती सोडू नका. दोनदा आलेली आयडी तो एका ओळीत सांगतो. ज्या पानावर रकाने जास्त आहेत, ते पान आधी घ्या.